उन्हाळ्यात ईथर हाताळताना

अकोल्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा थर्मामीटर दुपारी अडीच वाजता ३९ दाखवतो. डायएथिल ईथर, म्हणजे प्रयोगशाळेत नुसतं ‘ईथर’ म्हणतात ते झटकन उडणारं, सहज पेटणारं द्रावक, ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. म्हणजे पुस्तकात ज्याला ‘कमी उत्कलनबिंदूचा द्रव’ म्हटलंय, तो आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवसांत कपाटात बसल्या बसल्याच उकळीच्या पुढे गेलेला असतो. बाटलीचं झाकण घट्ट आहे म्हणून तो द्रवरूपात टिकून आहे, एवढंच. चोवीस वर्षं मी एम.एस्सी.च्या सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेत उभी आहे. जवळजवळ सगळी पुस्तकं २० ते २५ अंशांच्या खोलीत बसून लिहिलेली असतात. विदर्भातल्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या मुलांना त्यातल्या सूचना जशाच्या तशा वापरता येत नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात बाटली उघडण्यापासूनच करू. खोली ३९ अंशांवर असेल तर बाटलीच्या आत वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो. अशी बाटली कपाटातून काढून थेट उघडली, तर फुस्स आवाज होऊन ईथर उसळतं आणि हातावर, एप्रनवर येतं. म्हणून उघडण्याआधी ती अर्धा तास बर्फाच्या पाण्यात उभी ठेवा. पाणी झाकणाच्या खाली असू द्या, नाहीतर उघडताना कडेचं पाणी आत जाईल. अर्ध्या तासाने बाटली पुसून, फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), तोंड आपल्यापासून दूर धरून झाकण सावकाश सैल करा. आमच्याकडचे मामा, म्हणजे प्रयोगशाळा परिचर, प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी आल्या आल्या हे काम करून ठेवतात. मुलं येईपर्यंत बाटल्या गार झालेल्या असतात.

गार ठेवायची म्हणून कोणी बाटली घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका. त्या फ्रिजच्या आत थर्मोस्टॅट असतो, दिवा असतो, दिव्याचं बटण असतं, आणि यातल्या प्रत्येकात ठिणगी पडू शकते. ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वर त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, उणे ४५ अंश आहे. फ्रिजच्या गारव्यातही त्याची वाफ पेटायला पुरेशी असते, आणि बंद कप्प्यात ती साठत जाते. ज्वालाग्राही पदार्थांसाठी आतून ठिणगीरहित केलेले वेगळे फ्रिज मिळतात. तसा नसेल तर इमारतीतली सगळ्यात थंड, अंधारी, हवेशीर खोली निवडा.

ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड असते. हे वाक्य माझ्या विद्यार्थिदशेत मीही पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मात्र मला एका दुपारी कळला. आम्ही एम.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेच्या लांब टेबलाच्या एका टोकाला एकजण ईथर ओतत होता, आणि दुसऱ्या टोकाला, चांगलं तीन मीटर लांब, माझी मैत्रीण बर्नरवर सोडियम फ्यूजन (पदार्थ सोडियमबरोबर तापवून करायची चाचणी) करत होती. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. वाफ टेबलाच्या पृष्ठभागावरून पाण्यासारखी पसरत बर्नरपर्यंत गेली. मग निळसर ज्योत उलटी धावत आली आणि बीकर पेटला. त्या मुलाच्या उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत भाजली. सगळं दोन सेकंदांत झालं. तेव्हापासून ईथरच्या दिवशी माझ्या प्रयोगशाळेत एकही बर्नर पेटत नाही. अगदी शेजारच्या खोलीतला गॅसही बंद असतो, कारण वाफ दाराच्या फटीखालून जाते.

बर्नर बंद केला म्हणजे भागलं असंही नाही. ईथरची वाफ साधारण १६० ते १८० अंशांना ज्योतीशिवाय आपोआप पेट घेते. हॉट प्लेटचा पृष्ठभाग सहज त्याच्या वर जातो. तापवायचं असेल तर दुसरीकडे गरम केलेलं पाणी आणून त्याचा बाथ करा. आमच्याकडे तर एप्रिलमध्ये नळाचंच पाणी पुरतं. आग लागलीच तर कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडरचा सिलिंडर वापरा. पाणी मारू नका, ईथर पाण्यावर तरंगत पसरतं. आणि कोरड्या उन्हाळ्यात सिंथेटिक ओढणीवर स्थिर वीज साठते, म्हणून त्या दिवशी सुती कपडे घाला.

नळाच्या पाण्यावरून कंडेन्सरची, म्हणजे वाफ गार करून परत द्रव करणाऱ्या काचनळीची, गोष्ट आली. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी ४० अंशांच्या आसपास असतं. ते कंडेन्सरमधून फिरवलं तर ३४.६ अंशांना उकळणारी वाफ गार होणारच कशी? ती सरळ वरून निघून जाते. मुलं म्हणतात, ‘मॅडम, ईथर कमी का झालं?’ यावर आमच्याकडे गेली पंधरा वर्षं चाललेला उपाय असा: हवेच्या कूलरमध्ये असतो तो पाण्यात बुडणारा छोटा पंप घ्या, मोठ्या बादलीत बर्फाच्या पाण्यात बुडवा, नळी कंडेन्सरच्या खालच्या तोंडाला जोडा आणि वरच्या तोंडाची नळी परत बादलीत सोडा. पंप पूर्ण बुडालेला हवा. त्याचा प्लग हूडपासून लांबच्या भिंतीवरच्या बोर्डात लावा आणि ईथरची बाटली उघडण्याआधी चालू करा. काम संपून बाटली बंद होईपर्यंत त्या बटणाला कोणीही हात लावायचा नाही. दर वीस मिनिटांनी बर्फ टाकत राहा.

आता तारखा. आमच्या प्रत्येक ईथरच्या बाटलीवर पेन्सिलने तीन तारखा असतात: आली कधी, उघडली कधी, शेवटची तपासली कधी. पेन्सिलने यासाठी की ईथरचा ओघळ आला की पेनची शाई पुसली जाते. ईथरमधल्या ऑक्सिजनच्या शेजारच्या कार्बनवरचे हायड्रोजन सहज सुटतात. तिथे हवेतला ऑक्सिजन शिरतो, उजेड त्याला मदत करतो, आणि हळूहळू पेरॉक्साइड तयार होतं. हे ईथरइतकं उडून जात नाही. त्यामुळे ईथर ऊर्ध्वपातित करताना, म्हणजे उकळून त्याची वाफ पुन्हा गार करून शुद्ध करताना, ईथर निघून जातं आणि पेरॉक्साइड फ्लास्कच्या तळाशी दाट होत जातं. शेवटच्या काही मिलिलिटरमध्ये ते स्फोट करू शकतं. कंपन्या याला आळा घालायला बीएचटी किंवा थोडं इथेनॉल घालून देतात, पण तुम्ही एकदा ईथर ऊर्ध्वपातित केलं की बीएचटी मागे राहतं आणि हातात येतं ते उघडं, असुरक्षित ईथर. म्हणून शुद्ध केलेलं ईथर त्याच दिवशी वापरा, साठवू नका.

तपासणी पाच मिनिटांची आहे. परीक्षानळीत १ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घ्या, त्यात साधारण १०० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घाला आणि मग १ मिली ईथर टाकून हलवा. शेजारी दुसरी नळी ठेवा, त्यात ईथर सोडून बाकी सगळं. ही दुसरी नळी महत्त्वाची, कारण ॲसेटिक ॲसिडमधलं आयोडाइड हवेनेही सावकाश पिवळं पडतं, आणि नुसती एकच नळी पाहिली तर तुम्ही फसाल. पांढऱ्या कागदासमोर दोन्ही नळ्या धरून एका मिनिटात रंग पाहा. फरक नसेल तर ईथर ठीक. लिंबाच्या सालीसारखी फिकट पिवळी झाक आली तर पेरॉक्साइड आहे पण कमी, ते काढून घेता येईल. गडद पिवळा किंवा चहासारखा तपकिरी रंग आला तर प्रमाण ०.०१ टक्क्याच्या वर गेलंय, ती बाटली वापरातून बाद. उघडलेल्या बाटलीची ही तपासणी दर तीन महिन्यांनी करा, आणि ऊर्ध्वपातनाआधी तर दर वेळी, काल केली असली तरी.

फिकट पिवळ्या ईथरसाठी फेरस सल्फेटचं द्रावण: ११० मिली पाण्यात ६ मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड सावकाश सोडा, गार करा, त्यात ६० ग्रॅम स्फटिकी फेरस सल्फेट विरघळवा. एक लिटर ईथरला यातलं १० ते २० मिली पुरतं. सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली कॉक असलेल्या, थर वेगळे करायच्या भांड्यात) नीट घुसळा. हिरवट द्रावण पिवळसर-तपकिरी होताना दिसेल, कारण फेरस लोह पेरॉक्साइड मोडता मोडता स्वतः फेरिक होत असतं. खालचा थर काढा, पाण्याने धुवा आणि पुन्हा तपासा. हे द्रावण ताजंच करायचं, मागच्या सत्रातलं शिल्लक चालत नाही.

एका गोष्टीसाठी मात्र कोणतीही तपासणी करायची नाही. काही वर्षांपूर्वी बाह्य परीक्षक म्हणून एका महाविद्यालयात गेले होते. वरच्या फळीवर डायआयसोप्रोपिल ईथरची जुनी बाटली होती, लेबल पिवळं पडलेलं, आणि झाकणाच्या आट्यांमध्ये साखरेच्या कणांसारखे पांढरे स्फटिक. एक मुलगा स्टुलावर चढून ती पुसायला निघाला होता. मी त्याला तिथूनच खाली उतरवलं. डायआयसोप्रोपिल ईथर या बाबतीत सगळ्यात वाईट. ते ऊर्ध्वपातन न करताही, नुसतं ठेवून, स्फोटक पेरॉक्साइडचे स्फटिक बनवतं, आणि झाकण फिरवण्याचं घर्षणही त्याला पुरतं. परीक्षा थांबली, खोली रिकामी केली, बाटली जाणकार माणसं येईपर्यंत कोणी हलवली नाही. स्फटिक दिसले की उघडायचं नाही, हलवायचं नाही, खोली बंद करून वरिष्ठांना सांगायचं.

ईथर वापरतात कशासाठी, तर सगळ्यात जास्त निष्कर्षणासाठी, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय पदार्थ ओढून घ्यायला. त्याची घनता ०.७१३, म्हणून ते पाण्यावर तरंगतं. ते बहुतेक सेंद्रिय पदार्थ विरघळवतं, सहसा त्यांच्याशी अभिक्रिया करत नाही आणि नंतर सहज उडवून टाकता येतं. पाण्यात मात्र ते थोडं विरघळतंच: १०० मिली पाण्यात साधारण साडेसहा ग्रॅम, म्हणजे नऊ मिली. म्हणून पहिल्या वेळी ३० मिली टाकून २१ मिलीच वर दिसलं तर घाबरू नका, फनेल गळत नाहीये. पाण्यात आधी मीठ विरघळवलं तर हे नुकसान कमी होतं आणि पदार्थही ईथरमध्ये जास्त ढकलला जातो.

एकदाच भरपूर ईथर घेण्यापेक्षा थोडं थोडं अनेकदा घ्या. समजा एखादा पदार्थ पाण्यापेक्षा ईथरमध्ये पाचपट विरघळतो. १०० मिली पाण्यातून १०० मिली ईथरने एकदा काढला तर जवळजवळ १७ टक्के पाण्यातच राहतो. तेच ईथर ५०-५० मिली दोनदा वापरलं तर ८ टक्के राहतो, आणि तीन भागांत वापरलं तर ५ टक्क्यांच्या थोडा वर. ईथर तेवढंच, पदार्थ जास्त.

फनेल हलवण्याची पद्धत हाताला लागावी लागते. बूच तळहाताने दाबून धरा, फनेल उलटा करा, नळी हूडच्या आतल्या बाजूला, कोणाच्याही तोंडाकडे नाही, आणि हलवण्याआधीच कॉक उघडून दाब सोडा. मग एकदा हलवा, सोडा. दोनदा हलवा, सोडा. आवाज येईनासा झाला की जोराने हलवायला हरकत नाही. उन्हाळ्यात आपल्या तळहाताच्या उबेनेही आत दाब वाढतो, म्हणून पाणी आणि ईथर दोन्ही गार करून घ्या. सोडियम बायकार्बोनेटने धूत असाल तर दुप्पट सावध राहा, तिथे कार्बन डायऑक्साइडचाही दाब येतो. मध्येच दुधासारखा फेसाळ थर अडकला तर मिठाचं संपृक्त द्रावण घाला आणि फनेल स्टँडवर ठेवून दहा मिनिटं दुसरं काम करा. आणि पदार्थ हातात येईपर्यंत कोणताही थर बेसिनमध्ये ओतू नका. कोणता थर कोणता, अशी शंका आली तर फनेलमध्ये एक थेंब पाणी सोडा, तो ज्या थरात मिसळेल तो पाण्याचा.

शेवटी मिठाच्या पाण्याने धुवून निर्जल सोडियम सल्फेट घालायचं. किती, हे वजनावर ठरत नाही. फ्लास्क गोल फिरवला की तळाचा काही भाग सुटा रव्यासारखा हलला पाहिजे. सगळं शिऱ्यासारखं एकत्र चिकटून बसलं असेल तर अजून पाणी आहे, आणखी घाला.

ईथर उडवताना एक गंमतीशीर पण त्रासाची गोष्ट होते. ते उडताना भांड्याची उष्णता घेऊन जातं, भांडं थंडगार होतं, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याच्या आत-बाहेर दव धरतं. उघड्या वॉच ग्लासवर उडवलेला पदार्थ मग ओला निघतो आणि द्रवणांक खाली येतो. पावसाळ्यात रोटावर (कमी दाबाखाली फ्लास्क फिरवत द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) उडवा, किंवा शेवटी पदार्थ डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) रात्रभर ठेवा. उन्हाळ्यात आमच्या कोरड्या हवेत हा त्रास होत नाही, फक्त कूलरची हवा त्या टेबलाकडे येऊ देऊ नका.

आता ग्रिन्यार अभिक्रिया, म्हणजे मॅग्नेशियम आणि ब्रोमोबेंझिनसारखं सेंद्रिय हॅलाइड यांपासून ग्रिन्यार संयुग बनवणं. व्हिक्टर ग्रिन्यार यांनी १९०० साली ही अभिक्रिया मांडली, १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि ईथर नसतं तर ती झालीच नसती. ईथरच्या ऑक्सिजनवरच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोड्या मॅग्नेशियमला धरून ठेवतात, म्हणून तयार झालेलं संयुग द्रावणात टिकतं. शिवाय उकळत्या ईथरची जड वाफ फ्लास्कमधल्या द्रावणावर पांघरुणासारखी राहते आणि हवा दूर ठेवते.

यासाठी ईथर पूर्ण कोरडं हवं. आधी निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर रात्रभर ठेवा. ते पाण्याबरोबर इथेनॉलही धरतं, आणि इथेनॉलही ग्रिन्यारला पाण्याइतकंच मारक आहे. मग गाळून सोडियम प्रेसमधून काढलेली सोडियमची तार घाला आणि बाटलीला बुचाऐवजी कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब लावा, म्हणजे सुटणारा हायड्रोजन बाहेर जाईल. तारेवर बुडबुडे थांबले, तार चकचकीत राहिली, की ईथर तयार.

आमचं प्रमाण: २.४ ग्रॅम मॅग्नेशियम टर्निंग्ज (धातूचे बारीक कातरलेले तुकडे), १०.५ मिली ब्रोमोबेंझिन, ५० मिली ईथर. काचसामान ओव्हनमधून काढून गार्ड ट्यूब लावूनच गार होऊ द्या. मॅग्नेशियमवर १५ मिली ईथर, आयोडीनचा एक बारीक कण आणि ब्रोमोबेंझिनच्या द्रावणाचा फक्त दहावा हिस्सा घाला, आणि थांबा.

इथेच आमच्याकडची मुलं दर वर्षी फसतात. पुस्तक म्हणतं, ‘ईथर आपोआप उकळू लागलं की अभिक्रिया सुरू झाली.’ पण खोली ३९ अंशांची असेल तर ईथर खोलीच्या उबेनेच उकळतं. मुलं बुडबुडे पाहून खूश होतात, उरलेलं ब्रोमोबेंझिन धडाधड सोडतात, आणि खरी अभिक्रिया दहा मिनिटांनी एकदम सगळ्या मालावर सुरू होते. ईथर कंडेन्सरच्या वरून कारंज्यासारखं बाहेर येतं. म्हणून आमच्याकडे नियम असा: फ्लास्क आधी २५ अंशांच्या पाण्यात उभा करा, उकळी थांबू द्या आणि मग पाहा. आयोडीनचा तपकिरी रंग गेला पाहिजे. मॅग्नेशियमच्या तुकड्यांच्या पृष्ठभागावरूनच बारीक बुडबुडे सुटले पाहिजेत, भांड्याच्या तळाच्या कुठल्याही जागेवरून नव्हे. द्रावण राखाडी-गढूळ झालं पाहिजे. आणि गार पाण्यातून काढून फ्लास्क हाताच्या मागच्या बाजूला लावला तर पाण्यापेक्षा उबदार लागला पाहिजे. या चारही खुणा दिसल्याशिवाय पुढचा थेंब सोडायचा नाही. सुरू होतच नसेल तर काचेच्या कांडीने एक-दोन टर्निंग्ज तळाशी दाबून चुरडा, ताजा पृष्ठभाग उघडा पडतो. बर्फाची बादली शेजारी तयार ठेवा. मग उरलेलं थेंब थेंब, उकळी सौम्य राहील अशा बेताने, अर्ध्या-पाऊण तासात सोडा.

एका नावाचा गोंधळ इथे सांगायलाच हवा, कारण त्याने चुका होतात. आमच्या भागात सरकीची पेंड तपासणाऱ्या अहवालात ‘ईथर एक्स्ट्रॅक्ट’ असा रकाना असतो, म्हणजे पेंडीतलं तेल. बऱ्याचदा ते सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून तेल काढणाऱ्या उपकरणात) काढलेलं असतं पेट्रोलियम ईथरने. पेट्रोलियम ईथर हे ईथरच नाही. ते हलक्या हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे, ४० ते ६० किंवा ६० ते ८० अंशांच्या टप्प्यात उकळणारं. त्यात ऑक्सिजन नाही, म्हणून ते ईथरसारखं पेरॉक्साइड बनवत नाही आणि मॅग्नेशियमलाही धरत नाही. ग्रिन्यारच्या फ्लास्कमध्ये चुकून पेट ईथर ओतून दोन दोन तास वाट पाहणारी मुलं मी पाहिली आहेत. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवा.

कारखान्यात डायएथिल ईथर फारसं वापरत नाहीत, आगीची भीती मोठी. तिथे टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, हेही एक ईथरच) चालतं. ते ६६ अंशांना उकळतं, मॅग्नेशियमला ईथरपेक्षा घट्ट धरतं, पण पाण्यात पूर्ण मिसळतं, म्हणून त्याने पाण्यातून निष्कर्षण होत नाही, आणि पेरॉक्साइड तेही बनवतं. अलीकडे २-मिथाइल टीएचएफ वापरात आलंय. ते ८० अंशांना उकळतं, पाण्यापासून वेगळं होतं, आणि फरफ्युरलपासून बनतं. फरफ्युरल मक्याच्या बिट्ट्यांपासून आणि उसाच्या चिपाडापासून काढतात. ज्या राज्यात साखर कारखान्यांच्या आवारात चिपाडाचे डोंगर उभे असतात, तिथल्या मुलांनी हे द्रावक जवळून ओळखायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी आवरताना: उरलेल्या सोडियमच्या तारेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंब थेंब सोडा, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. पाणी त्यानंतर. ऊर्ध्वपातनाच्या फ्लास्कमध्ये निदान दहावा हिस्सा द्रव शिल्लक ठेवून उष्णता काढलेली असली पाहिजे, तो कधीही कोरडा होऊ द्यायचा नाही. वापरलेलं ईथर बेसिनमध्ये नको, पाइपातून वाफ खालच्या मजल्यावर निघते. ते दाब सोडणाऱ्या झाकणाच्या कॅनमध्ये, तीन-चतुर्थांशापर्यंतच भरून, सावलीत. किती मिली काढलं, किती परत आलं, हे रजिस्टरमध्ये लिहा. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८८ च्या संयुक्त राष्ट्र करारातल्या दुसऱ्या यादीत ईथर आहे, त्याचा हिशेब विचारला जाऊ शकतो. खिडक्या अर्धा तास उघड्या राहू द्या. आणि बर्फाच्या बादलीतल्या पंपाचा प्लग सगळ्यात शेवटी, बाटल्या कपाटात गेल्यावर काढा.